टपावरचं सामान सारखं सरकतंय? दोरी बदलण्याआधी खुणा बघा

लग्नसराई लागली की माझ्या शेडपुढे एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात. "मिस्त्री, कॅरियर बघा जरा, कितीबी आवळा, सामान सरकतंयच." कराडात माझं वेल्डिंगचं आणि किरकोळ गाडीकामाचं शेड आहे. त्याआधी नऊ वर्षं वडाप, म्हणजे शेअरची जीप, चालवलं. त्यामुळे टपावर काय काय चढतं आणि त्यातलं काय काय वाटेत उतरतं, हे दोन्ही बाजूंनी बघून झालंय.

परवा ढेबेवाडीकडचा एक पोरगा तिसऱ्यांदा आला. पहिल्या खेपेला सामान सरकलं म्हणून त्यानं दोरी जाड घेतली. दुसऱ्या खेपेला एका दोरीच्या दोन केल्या. तिसऱ्या खेपेला रुखवतातलं लोखंडी कपाट टपावर होतं. गावाच्या तोंडाशी न रंगवलेला स्पीडब्रेकर दिसला, त्यानं करकचून ब्रेक मारला, आणि कपाटाचा पाय थेट पुढच्या काचेवर. आता त्याला माझ्याकडून आणखी जाड दोरी कुठं मिळेल ते हवं होतं.

मी बोनेटवर चढून बॅटरी मारली. कॅरियरच्या दोन आडव्या नळ्यांवरचा काळा रंग कपाटाच्या पायांच्या रेषेत खरवडून चकचकीत झालेला, मागून पुढं, सरळ, वीतभर. दोरी शाबूत होती आणि गाठही जिथल्या तिथं. म्हणजे दोरीनं काहीच सोडलं नव्हतं. कपाट दोरीखालून निसटलं होतं, गादीखालून चादर ओढावी तसं. असल्या ठिकाणी दोरी चौपट जाड केली तरी फरक पडणार नाही.

म्हणून सामान सरकलं की दोरीला हात लावायच्या आधी खुणा बघा. नळीवर मागून पुढं ओरखडा असेल तर सामान घसरलंय. ओरखडा नाही पण दोरी लोंबतेय, तर सामान खाली बसलंय किंवा दोरी ताणलीय. ओरखडा नळीवर नसून टपाच्या कडेच्या पन्हळीत, क्लॅम्पच्या बुडाशी असेल, तर सामान जागेवर आहे आणि अख्खं कॅरियरच चाललंय. तिन्हींचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की त्या पोरासारखी तिसरी खेप होते.

आधी घसरण्याचं बघू, कारण काचा त्यातच फुटतात.

वरून आडवी टाकलेली दोरी सामानाला पुढून धरत नाही, फक्त खाली दाबते. पुढं जाणं अडवते ती त्या दाबामुळे वाढलेली घासण. आणि रंगवलेलं लोखंड रंगवलेल्या लोखंडावर ठेवलं तर घासण अगदीच थोडी असते. जोराचा ब्रेक लागला की सामान आपल्या वजनाच्या ८० टक्के जोरानं पुढं जाऊ बघतं, असं धरून बांधायचं असतं. बाजूला आणि मागं ५० टक्के. आता ६० किलोचं कपाट घ्या. पुढचा जोर झाला ४८ किलो. लोखंडावर लोखंड असेल तर कपाटाच्या स्वतःच्या वजनानं साधारण १२ किलो अडतात, राहिलेले ३६ दोरीनं अडवायचे. पण तेही त्याच निसरड्या घासणीतून, म्हणजे दोऱ्यांनी मिळून १८० किलोचा दाब सतत द्यायला हवा. हातानं ओढून एवढा दाब येत नाही आणि आलाच तर कपाटाचा पत्रा चेपतो. त्याच कपाटाखाली रबर घाला. रबरावर घासण अडीचपट धरली तरी वजनानंच ३० किलो अडतात आणि दोरीचा दाब लागतो ३६ किलो. कुठं १८० आणि कुठं ३६!

रबर म्हणजे काही विकतची चटई नको. ट्रकची फाटकी ट्यूब पंक्चरवाल्याकडून घ्या, हातभर पट्ट्या कापा, नळीवर एक वेढा देऊन ठेवा. पावडर धुऊन टाका, नव्या-जुन्या सगळ्या ट्यूबांना आतून असते आणि ती भलतीच निसरडी. पुष्कळ जण खाली बारदान अंथरतात. बारदानानं कपाटाचा रंग वाचतो, पण नळीवर ते स्वतःच सरकतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरं, अडसर द्या. सामान कॅरियरच्या पुढच्या कठड्याला टेकवूनच बांधा, मध्ये मोकळी जागा ठेवू नका. वीतभर जागा ठेवली तर तेवढ्या अंतरात कपाट वेग घेतं आणि कठड्याला धडकतं. कठडा चार इंचाचाच असेल तर उभं सामान त्याच्यावरून पालथं होईल. म्हणून कपाट कायम पाठीवर आडवं, लांबी गाडीच्या लांबीला. आतले कप्पे काढून गाडीत, दारं कुलूपबंद, वरून चिकटपट्टी, आणि किल्ली ड्रायव्हरच्या खिशात.

तिसरी गोष्ट आम्ही शेडवर लगाम म्हणतो. एक दोरी सामानाच्या पुढच्या तोंडावरून आडवी घ्यायची आणि दोन्ही टोकं मागं ओढून कॅरियरच्या मागच्या भागाला बांधायची. ही दोरी दाबत बसत नाही, सरळ मागं खेचते. नुसत्या वरून टाकलेल्या चार दोऱ्यांपेक्षा हा एक लगाम मोलाचा. तसाच एक मागून पुढं घेतला तर चढावरही निश्चिंती.

पीव्हीसी पाइपांचं दुखणं याच जातीचं पण जास्त वाईट. विटा-आटपाडीकडची शेतकरी मंडळी वीस फुटी पाइपांचा भारा टपावर टाकून नेतात. वरून दोरी कितीही आवळली तरी ती फक्त बाहेरच्या पाइपांना धरते. मधले पाइप कशालाच धरलेले नसतात, ते ब्रेकला बाणासारखे सुटतात. भाऱ्याला दोन-तीन ठिकाणी आधी पूर्ण वेढे देऊन आवळायचं, मग तो भारा कॅरियरला बांधायचा. पुढच्या तोंडाला जाड पोतं चढवून तेही वेढ्यात घ्यायचं. आणि एवढ्या लांब मालाचं पुढचं टोक पुढच्या बंपरखालच्या हुकाला, मागचं टोक मागच्या हुकाला वेगळं बांधायचं.

आता दोरी ढिली पडण्याबद्दल.

पोत्यांचा माल असेल तर दोरी ढिली पडणारच, त्यात तुमची चूक नाही. हळदीचं पोतं काय, गव्हाचं काय, निघताना फुगलेलं असतं, हादऱ्यांनी दाणा दाण्यात बसतो आणि पोतं खाली येतं. पोतं बोटभर बसलं तरी दोरीत लोंबकळा येतो. म्हणून पहिला थांबा पाच-सात किलोमीटरवरच घ्यायचा, पहिल्या चहाच्या टपरीला, आणि दोरी पुन्हा आवळायची. दुसरा थांबा तीसेक किलोमीटरनंतर. घाट असेल तर घाटाच्या तोंडाशी. चिपळूणकडे जाणाऱ्यांनी कुंभार्ली घाट उतरायला लागण्याआधी हेळवाकला उतरून हात फिरवावा. पुण्याकडे जाणाऱ्यांनी खंबाटकीच्या जुन्या बोगद्याच्या अलीकडे. बोगदा ओलांडला की उतार आणि वळणं एकदम अंगावर येतात, तिथं थांबायला जागाही नाही आणि थांबूही नये.

हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कुणी करत नाही, आणि याचं खरं कारण आळस नसून गाठ आहे. लोक निरगाठीवर निरगाठ मारतात, वर ओल्या हातानं आणखी एक. ती सुटायला पक्कड लागते. मग टपरीपाशी कोण सोडून पुन्हा बांधत बसणार? "चालतंय की" म्हणून गाडी पुढं. बांधताना अशी गाठ मारा की उभ्या उभ्या दोन मिनिटांत आवळता येईल. ट्रकवाले मारतात ती शिकून घ्या. दोरीचं एक टोक पलीकडं पक्कं करून दोरी सामानावरून अलीकडं आणायची. कमरेएवढ्या उंचीला दोरीतच सुरगाठीचा एक डोळा पाडायचा. सुटं टोक खाली हुकातून घ्यायचं, परत वर आणून त्या डोळ्यातून काढायचं आणि खाली खेचायचं. कप्पीसारखं काम होतं. हिशोबात तिप्पट जोर मिळतो, दोरी घासते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण नुसत्या हातापेक्षा बराच जास्त. खेचलेलं टोक डोळ्यापाशी चिमटीत दाबून धरायचं आणि सुटं टोक पूर्ण न ओढता फासाची गाठ मारायची. थांब्यावर टोक ओढलं की फास सुटतो, आणखी खेचलं, पुन्हा फास. पहिल्या दहा वेळा डोळा निसटतो. घरी खाटेच्या पायाला बांधून सराव करा, गिऱ्हाइकासमोर नको.

दोरीची जातही बघा. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी. पावसात नायलॉननं बांधलेलं सामान तासाभरात डोलायला लागतं ते यामुळे. सुती आणि काथ्याच्या दोरीचं उलटं आहे. भिजली की आखूड होऊन आवळते आणि वाळली की सैल पडते. पहाटे दवात बांधून निघालात तर दहाच्या उन्हात बघा. बाजारातली निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी पाणी पीत नाही, पण गुळगुळीत असल्यानं तिच्यातली गाठ हळूहळू चालत जाते, आणि वर्षभर उन्हात राहिली की हाताला तिचा भुसा लागतो. तो भुसा दिसला की ती दोरी जनावराच्या दाव्यालाही नको. ठिबकच्या जुन्या नळीनं बांधून आणलेलं सामानही मी बघितलंय, त्यावर काही बोलत नाही. मात्र तीच नळी उभी चिरून कपाटाच्या धारदार कडेला बसवा. दोरी कापायची थांबते.

रॅचेटचा पट्टा, म्हणजे खटक्याची दांडी वरखाली करून आवळायचा, या सगळ्यापेक्षा बरा, कारण तो पॉलिस्टरचा असतो आणि फारसा ताणत नाही. घेताना दुकानदार तोंडी टनाचे आकडे सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा पट्टा तुटण्याचा असतो, वापरायचा नसतो. पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचा, वापरायचा आकडा त्यावर असतो. लेबलच नसेल तर स्वस्त असला तरी सोडा. रॅचेटच्या रुळावर किमान दीड वेढा बसला पाहिजे आणि तीनच्या वर नको. आणि वाऱ्यानं पट्टा भुंग्यासारखा गुणगुणत असेल तर पट्ट्याला एक पीळ द्या, आवाज बंद होतो. फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यांवर रॅचेट जपून. हाताला कळत नाही, पण खोकं आतून मोडतं, आणि मोडलं की पट्टा सैल.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ती दोरीच्या कोनाची. सामान उंच असेल तर दोरी कडेनं उभी खाली येते आणि तिचा सगळा ताण दाबायच्या कामी येतो. सामान चपटं असेल, म्हणजे प्लायवूडचे तक्ते वगैरे, तर दोरी जवळजवळ आडवी जाते. दोरी आडव्यापासून ३० अंशांवर असेल तर ताणाचा निम्माच भाग खाली दाबतो, १५ अंशांवर जेमतेम चौथाई. हाताला दोरी तारेसारखी ताठ लागते आणि खालचा तक्ता मोकळा असतो. उपाय साधा आहे. दोरी कॅरियरच्या टोकाच्या कठड्याला न बांधता तक्त्याच्या कडेला लागून असलेल्या आडव्या नळीलाच बांधा, म्हणजे ती उभी उतरेल.

आता तिसरी खूण, कॅरियर स्वतः सरकण्याची. जुन्या जीपांच्या टपाला पन्हळ असते, तिच्यात कॅरियरचे पाय बसतात आणि क्लॅम्पनं आवळलेले असतात. बोल्ट बहुतेक आठ एमएमचे, म्हणजे तेराचा पाना. हादऱ्यानं नट सैल होतात. लोक स्प्रिंग वायसर घालून निर्धास्त होतात, पण हादऱ्यापुढं तिचा फार टिकाव लागत नाही. नायलॉनची कडी असलेले नट घाला, आणि एकदा काढले की नवे घाला, कारण ती कडी एकदाच नीट पकडते. आवळताना पान्याला पाइप लावून जोर काढू नका. पन्हळीचा पत्रा मुडपतो, मग क्लॅम्प कधीच नीट बसत नाही आणि मुडपलेल्या जागेतून पावसाळ्यात पाणी थेट पुढच्या सीटवर. क्लॅम्पच्या कडेला पन्हळीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा, अर्धा पायावर, अर्धा पन्हळीवर. दोन अर्धे जुळत नसले की कॅरियर हललंय. मी सगळ्या गाड्यांना मारून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

पन्हळ नसलेल्या नव्या गाड्यांचं निराळंच. काही मॉडेलांना टपावर चंदेरी पट्ट्या असतात त्या निव्वळ शोभेच्या. त्यांना दोरी बांधायची म्हणजे पैंजणाला नांगर बांधण्यासारखं. गाडीचं पुस्तक उघडून बघा, टपावर किती चालतं ते लिहिलेलं असतं. साध्या कार-जीपांना बहुधा ५० ते १०० किलोच्या दरम्यान, आणि त्यात कॅरियरचं वजनही धरलेलं असतं. आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणतं "दणकट बनवा", आम्ही जाड नळी लावतो, कॅरियरच २५-३० किलोचं होतं. मर्यादा ७५ ची असेल तर हातात उरले ४५. हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात सांगतोय, पण हलकं कॅरियर घ्या.

आणि गाडी डोलते म्हणणाऱ्यांसाठी. समजा, माणसांसकट गाडी २००० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर. टपावर २.१ मीटर उंचीला १०० किलो चढवले की तो ८१ वर जातो. ३०० किलोंचा ढीग २.२ मीटरवर रचला तर ९४ वर. धान्यानं भरलेली बैलगाडी बांधावरून जाते आणि तेवढ्याच वजनाची कडब्याची गाडी त्याच बांधावर कलंडते, ते याचमुळे. जड ते गाडीच्या आत, हलकं टपावर. टपावर जायचंच असेल तर जड सामान दोन चाकांच्या मधोमध, मागच्या टोकाला नाही. मागं ढीग केला तर गाडी उलाळ होते आणि पुढची चाकं वळणावर हलकी पडतात. पसरणी घाटात एकदा मी स्वतः हा अनुभव घेतलाय. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीनं क्षणभर विचार केला. तो क्षण अजून आठवतो. पाचगणीला पोहोचेपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

वाऱ्याचं थोडक्यात. वेग ६० वरून ९० झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोनपट होतो. सहा बाय चारची गादी पुढून उचलून उभी राहिली तर ८० च्या वेगाला तिच्यावर ६५-७० किलोचा जोर येतो. आणि आपल्याकडं मागच्या सीटवरचे काका खिडकीतून हात काढून तीच गादी धरून बसलेले असतात. काकांना हात आत घ्यायला सांगा. गादीची पुढची कड दुमडून खाली घ्या, पुढच्या कडेवरच एक दोरी आडवी टाका.

सामान बाजूला, पुढं, मागं किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं २०,००० रुपयांचा दंड घातलाय, वर सामान उतरवायचा खर्च तुमचाच. दोन खेपांचं टेंपोभाडं त्याहून स्वस्त पडतं.

त्या पोराकडं परत येतो. काच बसवली, नळ्यांवर ट्यूबच्या पट्ट्या घातल्या, पुढच्या कठड्यामागं लाकडी ओंडका आडवा बोल्ट केला. दोन दिवसांनी तो दुसऱ्या लग्नाचं कपाट घेऊन आला, विट्याला पोचवायचं होतं. मी बांधलं नाही, त्याच्याकडून बांधून घेतलं. लगाम पहिल्यांदा त्यानं उलटा घेतला, मागून पुढं. सोडायला लावला. दुसऱ्यांदा बरोबर.

उतरवताना काय करायचं तेही त्याला सांगितलं, कारण बोटं तिथंच चेंगरतात. लग्नघरी गाडी पोचली की दहा जण धावून येतात, एक जण उत्साहानं दोरी सोडतो आणि बाकीचे अजून चपला काढत असतात. गाडी सपाटीवर लावायची. दोरी सोडायच्या आधी सामान कुणीकडं कललंय ते बघायचं, वाटेत ते बहुधा एका अंगाला गेलेलं असतं. त्या अंगाला दोन माणसं उभी करायची, मग वरच्या दोऱ्या, आणि लगाम सगळ्यात शेवटी. रॅचेट असेल तर आपलं तोंड बाजूला ठेवून सोडायचं.

तो दुपारी निघाला. चारच्या सुमारास फोन आला. मी घाबरतच उचलला. "मिस्त्री, कपाट जागचं हललं नाही बघा," म्हणाला. "फक्त किल्ली तुमच्या टेबलावर राहिलीय का बघता? नवरीकडचे थांबलेत."